साडूचा साइडबँड

आलापल्ली सोडून आमच्या खरेदीच्या गावांकडे निघालं की थोड्याच वेळात सागाचं जंगल लागतं आणि मोबाईल मुका होतो. शहरातली माणसं याला निसर्ग म्हणतात. मी याला धंद्याचं नुकसान म्हणतो.

माझा धंदा वनोपज खरेदीचा. हिरडा, बेहडा, चिंच, मोहफूल, आणि सगळ्यांत नाजूक माल म्हणजे चारोळी. सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे एक सायकल आणि एक रिकामी गोणी होती. आज पिकअप आहे, आणि तिचा एकही नट बापजाद्यांच्या पैशातून आलेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या माणसाबद्दल बोलणार आहे तो माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून या धंद्यात आला.

तो माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तेव्हा आम्ही धंदा मिळून करायचो. एका उन्हाळ्यात मला हिवताप झाला आणि मी खाटेला चिकटलो. सगळ्यांत चांगली चारोळी जिथली, ते गाव मी शोधलेलं, तिथली माणसं मी जोडलेली. गावाचं नाव सांगत नाही. हे वाचणाऱ्यांत कुणी व्यापारी असला तर उद्या सकाळी तिथे हजर होईल. मी थंडीनं कुडकुडत असताना साडू आमच्या गाडीनं तिथे गेला, माल घेऊन आला आणि गावाला सांगून आला की मोठे भाऊ आता काही फिरायचे नाहीत, यापुढे मीच येत जाईन. ताप उतरला तेव्हा माझं गाव त्याचं झालं होतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आलापल्लीत दोघांची घरं एका हाकेच्या अंतरावर आहेत. बहिणी बोलतात. त्यांना कोण अडवणार?

यंदा गावानं निरोप धाडला. ग्रामसभेचं ठरलं होतं की घराघरातून सुटी सुटी चारोळी विकायची नाही. सगळा माल एका दिवशी, एका जागी, एकालाच द्यायचा. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. अट अशी की प्रत्येकानं सगळ्यांसमोर भाव एकदाच बोलायचा. बोललेला भाव वाढवायचा नाही, मागे घ्यायचा नाही.

ज्याला घासाघीस येते त्याच्यासाठी ही अट म्हणजे पैलवानाचे हात मागे बांधण्यासारखी. मला पाच वेळा उठून जायची आणि सहाव्यांदा परत बोलावून घ्यायची सवय आहे. आता एकच बोल. कमी बोललो तर गाव पुन्हा साडूच्या खिशात जाणार, जास्त बोललो तर नुकसान माझ्या खिशात येणार. चारोळीचा भाव मोसमात रोज हलतो. चंद्रपूरच्या व्यापाऱ्याचा त्या दिवशीचा भाव मला गावात उभं असताना कळला पाहिजे होता. आलापल्लीत बायकोला तो फोनवर मिळाला असता. आलापल्लीहून गावात माझ्या कानापर्यंत तो कसा यायचा, एवढाच प्रश्न होता.

एका ट्रकवाल्यानं सीबी रेडिओचं, म्हणजे गाडीत बसवायच्या वायरलेसचं, सांगितलं, आणि वर हेही की जंगलातून लांब बोलायचं तर साइडबँडवालाच घे. तेवढ्यावर मी चंद्रपूर गाठलं. तिथे मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत वायरलेसचं नवं-जुनं सामान विकणाऱ्याचं एक दुकान आहे.

खरेदीचा माझा पहिला नियम म्हणजे जे हवं त्याच्याकडे बघायचं नाही. मी आधी इन्व्हर्टरची चौकशी केली. मग पंख्याची. मग एका पडीक स्पीकरवर टिचक्या मारल्या. दुकानदार जाड भुवयांचा, शांत माणूस. त्यानं चहा मागवला आणि मी जिकडे बघत नव्हतो तोच सेट काढून काउंटरवर ठेवला. तिथेच मला राग आला.

साइडबँड म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं आणि मी माझ्या भाषेत समजून घेतलं. साधा सेट म्हणजे गोणीत माल थोडा आणि बारदानाचं वजन फार. सेटची बरीचशी ताकद नुसतं बारदान वाहण्यात जाते, आणि मालाच्याही दोन सारख्या प्रती, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. साइडबँडवाला बारदान फेकतो, एक प्रत फेकतो आणि सगळी ताकद उरलेल्या एकाच प्रतीत घालतो. म्हणून आवाज लांब जातो. दोन्हीकडे एकच बाजू लावलेली हवी, वरची तर वरची, खालची तर खालची. आणि तरीही आवाज थोडा सरकलेला आला तर माणूस बदकासारखा बोलतो. त्याला एक वेगळं बटण असतं, ते हलकं हलकं फिरवून बदकाचा माणूस करायचा.

मी प्रत्येक गुणाला नाव ठेवत गेलो. बदकाचं बटण मोठं होतं, खड्ड्यांच्या रस्त्यातही बोटांना न बघता सापडेल असं. मी म्हणालो, कुरूप दिसतं. इंजिनाची खरखर दाबणारी कळ होती. मी म्हणालो, जितक्या कळा तितके बिघाड. सेट बारा व्होल्टचा, माझ्या पिकअपला जसाच्या तसा चालणारा. मी म्हणालो, उद्या ट्रक घेतला तर काय चुलीत घालू? माइकची वायर पिळाची, मजबूत. मी म्हणालो, पायात येईल. काळ्या रंगालाही सोडलं नाही; आमच्याकडे उन्हाळ्यात काळं तापतं. दुकानदार मान डोलवत होता आणि भाव खाली येत होता. एक तास गेला असेल. तो खाली येऊन येऊन जिथे थांबला तिथे मला कळलं, आता त्याच्या पायाखाली जमीन लागली.

मग मी आमचा बाजारातला रिवाज काढला. आठवडी बाजारात माप झालं की गिऱ्हाईक वरून एक मूठ मागतं. ती मूठ मिळाल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. मी म्हणालो, एका सेटनं मी कुणाशी बोलू, झाडाशी? घरी ठेवायला वरून एक दे. त्यानं खालच्या फळीवरून एक जुना सेट काढला, फडक्यानं पुसला आणि पिशवीत टाकला. तो बोलतो का, असं मी विचारलं. बोलतो, म्हणाला. खोटं बोलला नाही.

त्या दिवशी चंद्रपूर ते आलापल्ली मी गाणी म्हणत आलो.

एक काम मात्र मी आधी केलं. कमी ताकदीच्या या पट्ट्याला परवाना लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. पण आमच्या जिल्ह्यात गाडीच्या छपरावर काठी उभी केली की आधी ठाण्याला कळवावं, नाहीतर ठाणं तुम्हाला कळवतं. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली, सेट पाहिला आणि नावाची नोंद करून घेतली. यावर क्रिकेट ऐकू येतं का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

अँटेना मी मागच्या बंपरला लावली, कारण तिथे आधीच एक भोक होतं. नवं भोक पाडायला मिस्त्री पैसे मागतो. सेटची वायर जवळच्या हॉर्नच्या वायरीला जोडली. घरचा सेट खिडकीत, त्याची अँटेना बांबूवर. बायकोला बटणं दाखवली आणि चाचणीला निघालो.

वनविभागाच्या नाक्यापर्यंत तिचा आवाज असा येत होता की ती शेजारी बसली आहे असं वाटून मी एकदा मान वळवली. पुढच्या वळणावर ती दूर गेली. त्याच्या पुढे नुसती खरखर. मी खुशीत बदकाचं बटण धरलं, साइडबँड लावला आणि गावापर्यंत बोलत गेलो. उत्तर नाही. येताना नाक्याजवळ आलो तरी मी साइडबँडवरच बोलत होतो, तरी नाही.

घरी आलो तर ओट्यावर शेजारच्या बायका जमलेल्या. बायकोनं विचारलं, "काऊन जी, तुमी डबक्यात पडले होते काय? आधी माणूस बोलत होता, मंग नुसतं बदक."

वरून मिळालेला सेट साधा होता. बारदानवाला. त्याला साइडबँडचं काही कळत नव्हतं. म्हणजे माझा चांगला सेट त्याच्याशी बोलायचा तर साधा होऊनच बोलायला हवा, आणि साधं बोलणं नाक्यापलीकडे जात नव्हतं. मी चांगल्या बैलाच्या जोडीला शेळी जुंपली होती, आणि शेळी फुकट मिळाली म्हणून रस्ताभर गाणी म्हटली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चंद्रपूरला, दुकानाच्या पायरीवरूनच आवाज चढवत. दुकानदारानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "भाऊ, वरच्या मुठीचं वजन नसते, अन् तक्रार बी नसते."

हे वाक्य मी स्वतः बाजारात कितीतरी बायकांना ऐकवलं आहे. त्यामुळे त्याला उत्तर नसतं, हे मला माहीत होतं. मी मुकाट्यानं विचारलं, असाच दुसरा सेट कितीला? तो म्हणाला, आता नाही. उरलेले दोन एकच गिऱ्हाईक घेऊन गेलं, तुमच्याच भागातलं. पुढचा माल पावसाळ्यानंतर येईल. मी विचारलं, कसा होता माणूस? तो म्हणाला, बोटांत तीन अंगठ्या आणि तोंडात सारखं काहीतरी गुणगुणणं.

साडूच! माझ्या डोक्यात चूल पेटली. मी रेडिओ घेतला हे बायकोनं बहिणीला सांगितलं असणार, आणि बहिणीच्या घरात भिंतींना नाही, अंगठ्यांना कान आहेत.

"त्यानं भाव केला काय?" मी विचारलं.

"नाई. पण अँटेना कुठी लावाची ते पैसे देण्याच्या आधी विचारलं. छपराच्या मधात लावा म्हटलं, खाली स्प्रिंग लावा म्हणजे फांदी लागली तर वाकते, मोडत नाई. अन् सेटले वायर जाड, सरळ बॅटरीवरून. मीटर लावून जुळवून बी देल्ली मी. तुमी तर काहीच नाई विचारलं."

विचारलं असतं तर गरज दिसली असती. गरज दिसली की भाव चढतो. हा साधा नियम आहे, आणि तो अजूनही मला बरोबरच वाटतो.

घरी येऊन मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको मोह निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. मी दमून पाणी प्यायलो तेव्हा ती म्हणाली, "दिवसा तो गावात राहीन. घरातला सेट त्याचा असन, पण घर माह्या बहिनीचं हाये. तिथून तुमाले भाव सांगाले मले कोनाची परवानगी लागते?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला न विचारता काढलेली ही सगळ्यांत चांगली युक्ती होती. शत्रूच्याच घरातून, शत्रूच्याच सेटवरून, शत्रूला हरवणारा भाव. मी तिला समजावलं. साडू नेहमी वरच्या बाजूवर असतो, असं मी माझ्या सेटवर ऐकून ठेवलं होतं. म्हणून तिनं दुसऱ्या चॅनलवर, खालच्या बाजूला बोलायचं. दुपारी, जेवणं झाल्यावर. ती हो हो म्हणत राहिली. बायको तीनदा हो म्हणाली की चौकशी करावी, हे मला सुचायला हवं होतं. पण मी खुश होतो.

ठरल्या दिवशी गावात पोचलो तेव्हा साडूची गाडी चिंचेखाली आधीच उभी होती. छपराच्या बरोबर मधोमध अँटेना, सरळ, देवळाच्या कळसासारखी. माझी बंपरवरची रस्त्यातल्या फांद्या खाऊन खाऊन कलली होती. मी गाडी त्याच्या समोर तोंड करून लावली, म्हणजे नजर ठेवता येते. त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत चोळत सगळ्या गावाला रामराम घातला आणि माझ्या जागी झाड असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

चारोळीच्या गोण्या ओळीनं मांडल्या होत्या. माल असा की बघून हात खाजवावेत. सभेचं काम एक पोक्त बाई बघत होत्या. पूर्वी मी यायचो तेव्हा त्यांच्याच घरी पाणी प्यायचो. त्यांनी विचारलं, भाव कोण आधी बोलतो? मी म्हणालो, जेवणं होऊ द्या. साडूही म्हणाला, जेवणं होऊ द्या. आम्ही एका गोष्टीवर सहमत झालो, हे मला आवडलं नाही.

जेवणं झाली. मी पाणी प्यायचं निमित्त करून गाडीत जाऊन बसलो, सेट लावला, चॅनल बदलला, खालची बाजू धरली. समोर पाहिलं तर साडूही त्याच्या गाडीत पाणी पीत होता. उन्हाळ्याचे दिवस, दोन्ही गाड्यांच्या मिळून चारही काचा खाली. त्याचाही हात बटणावर.

आणि एकदम दोन्ही गाड्यांतून दोन बदकं ओरडली.

मी बटण डावीकडे फिरवलं, त्यानं उजवीकडे. माझ्या गाडीतलं बदक घोगरं झालं, त्याचं चिरकं. गाव उठून आमच्या मधल्या जागेत आलं. मी हळूहळू परत फिरवलं, त्यानंही फिरवलं, आणि दोन्हीकडची बदकं एकमेकांकडे सरकत सरकत एका जागी येऊन थांबली. दोन्ही गाड्यांतून माझी बायको बोलत होती.

"दोघं बी आयका. आमचं दोघी बहिनीचं ठरलं हाये. भाव एकच सांगाचा, अन् दोघायले सांगाचा."

तिनं भाव सांगितला. स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर सुटं. वर चंद्रपूरचा व्यापारी वजनातून कटाई किती धरतो आणि गाडीभाडं किती धरतो, तेही सांगितलं. मी विचारायला सांगितलेलं सगळं तिनं विचारलं होतं. मग दुसरा आवाज आला, साडूच्या बायकोचा. म्हणाली, गावासमोर भांडू नका, आमचं नाव खराब होते.

मी सेट बंद केला. त्यानंही केला. पण गावानं ऐकायचं ते ऐकलं होतं. मागे उभी असलेली पोरं बदकाचा आवाज काढत होती, आणि म्हातारे खर्रा थुंकून हसत होते. पोक्त बाई माझ्या खिडकीपाशी आल्या. म्हणाल्या, सेट पुन्हा लावा भाऊ, भाडं नीट ऐकू नाही आलं. मी लावला. त्यांनी माइक मागितला, मी दिला. नाही म्हणायला जागा नव्हती. बायकोनं त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, आणि त्या दोघी वाटेत सावली कुठे आहे इथपर्यंत बोलल्या.

मग सभा बसली. बोलणं गोंडीत होतं. मला कामापुरती गोंडी येते, पण इतकी भराभर नाही. साडूलाही येत नाही. आम्ही दोघे चिंचेच्या दोन बाजूंना उभे होतो. त्या वेळी मनात एकच होतं: गाव मिळू दे. आता भाव काय बोलायचा, हा प्रश्नच उरला नव्हता. भाव सगळ्यांना माहीत होता. मी थोडं कमी बोललो तर तो थोडं जास्त बोलणार, आणि चंद्रपूरचा भाव बोललो तर माझ्या हातात काय राहणार? घासाघीस नावाचा प्रकार त्या चिंचेखाली मेला होता, आणि त्याला मारणारा सेट मी तासभर भाव करून आणला होता.

बाई उठून आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, माल आमी इकत नाई तुमाले. आमीच चंद्रपूरले नेतो. गाडी तुमची. भाडं बोला. एकदाच."

मी आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उशीर केला. वनोपजाचा व्यापारी मी, सायकलीपासून इथपर्यंत आलेला, आणि आता भाडोत्री गाडीवाला. निघून जावं, असं मनात आलं. पण निघून गेलो असतो तर सगळ्या गोण्या मधोमध अँटेना लावलेल्या गाडीत गेल्या असत्या. मी तोंड उघडलं, साडूनंही उघडलं, आणि दोघांच्या तोंडून एकच आकडा एकदम बाहेर पडला. त्या रस्त्याचं भाडं त्याला मीच शिकवलं होतं.

गावानं माल अर्धा अर्धा केला. तसाही एका पिकअपमध्ये मावणारा नव्हता. वजनाच्या वेळी हजर राहायला दोन बायका निघाल्या: पोक्त बाई माझ्या गाडीत, त्यांची नणंद साडूच्या. साडू पुढे, मी मागे, त्याची धूळ खात.

जंगलात शिरलो तोच बाईंनी माइक काढून घेतला. बटण कसं दाबायचं ते त्यांनी बघून ठेवलं होतं. पुढच्या गाडीतून नणंदेचा आवाज आला, आणि दोघींचं गोंडीत सुरू झालं. हसणं तर इतकं की माइक दाबलेलाच राहायचा. मी दोनदा विचारलं, काय चाललंय? बाई म्हणाल्या, काही नाही, घरचं. चॅनल कोणता, बाजू कोणती, बदक कसं काढायचं, यातलं काहीही त्यांनी मला विचारलं नाही.

कोरड्या नाल्याच्या अलीकडे साडूची गाडी थांबली. पात्रात वाळू फार होती. रेडिओत नणंद काहीतरी बोलली. बाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा साडू इचारते, डावीकडून घेऊ का उजवीकडून. तुमाले ठाऊक असन म्हणते."

मला ठाऊक होतं. उजवीकडे वाळू वरून घट्ट दिसते आणि चाक बुडेपर्यंत मऊ असते. डावीकडे खाली खडक आहे. तो खडक मी सायकल ओढत असताना शोधला होता, आणि गाव घेतलेल्या माणसाला तो फुकट द्यायचं काही कारण नव्हतं. पुढच्या गाडीत त्याच्यामागे अर्धी चारोळी होती. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी घाई केली नाही.

"डावीकडून घे म्हणावं," मी म्हणालो. "अन् मधात थांबू नको म्हणावं."

बाईंनी ते गोंडीत सांगितलं. मी सांगितलं त्याहून ते बरंच लांब होतं. साडूची गाडी डावीकडून उतरली, हलत हलत पात्र पार करून पलीकडच्या चढावर चढली. मीही मागोमाग उतरलो. त्यानं आभार मानले नाहीत, आणि मानले असते तरी ते गोंडीतून फिरून माझ्यापर्यंत काय होऊन पोचले असते, कोण जाणे. चंद्रपूर येईपर्यंत माइक माझ्या हातात परत आला नाही.